चार अंशांवरचा डाव

“खोल विचार करायचा तर आदी थंड व्हायला पायजे,” असं मामा म्हणायचे. हे वाक्य ऐकून, बेदाणा ठेवायला आलेले शेतकरी टोपी नीट करून बसल्याचं मी पाहिलं आहे. मामा मात्र तेव्हा संगणकाची बाजू उघडून आतल्या पंख्याजवळ बोटाची मागची बाजू धरून असत, पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तशी. वाक्य संगणकाबद्दल होतं.

सगळेच त्यांना मामा म्हणत. सांगलीजवळच्या एका शीतगृहात ते यंत्रं सांभाळत. मूळ गाव दुष्काळी माण तालुक्यातलं म्हसवड. “माणात भाजलो, हितं गारठलो,” एवढंच ते स्वतःच्या चरित्राबद्दल सांगत. बायको लवकर गेलेली, मूल नाही. शीतगृहाच्या आवारातच एक खोली. मी संगणक दुरुस्त करायचो. माझा डिप्लोमाच झाला होता, पण मामांनी मला परस्पर इंजिनियर करून टाकलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि चेअरमनसाहेबांना एकविसावं शतक फार जवळ दिसत होतं. त्यांनी कार्यालयात संगणक आणला, नारळ फोडला, पडद्याला हार घातला आणि चाळीस मिनिटं भाषण केलं. मग त्यावर प्लास्टिकचं कव्हर चढलं, कारण तो चालवता कुणालाच येत नव्हता. मामांनी विचारलं, “मी शिकू का?” चेअरमन म्हणाले, “शिका की. तेवढीच धूळ कमी.”

मामांना काय हवं होतं, हे मला महिन्याने कळलं. एक निवृत्त गुरुजी दर रविवारी त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला यायचे. अकरा वर्षं. त्यात मामा एकदाही जिंकले नव्हते. शेवटच्या रविवारी पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आज जमतंय. अंधार पडला म्हणून त्यांनी मोहऱ्यांच्या जागा कागदावर लिहून ठेवल्या. पुढची खेळी गुरुजींची होती. गुरुवारी गुरुजी गेले.

मामांनी तो कागद गावातल्या जाणकारांना दाखवला. तिघांनी तीन निकाल दिले आणि आपापसात भांडले. “मानसांचं न्हाई जमायचं,” मामा म्हणाले. “मशीनला इचारू. मी जिकलो असतो का न्हाई, येवडंच.”

प्रोग्राम मिळाला. पण मशीन जसजसं पुढचं बघे, तसतसा प्रत्येक खेळीला आधीच्या तिप्पट वेळ लागे. मामांनी हिशेब मांडला: पक्कं उत्तर यायला साडेआठ दिवस. आणि दर सोमवारी त्या भागाची वीज जायची. जनरेटर सुरू होईपर्यंतचं अर्धं मिनिटही संगणकाला पुरे होतं. सगळा विचार पुसला जायचा. हातात दिवस होते सहा.

मग मी ते केलं, जे कंपनीने करू नका म्हणून सांगितलेलं असतं. प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा होता. बोर्डावरची छोटी टोपणं हलवून तो साडेचारशेवर पळवला. साडेआठ दिवसांचे पावणेसहा झाले. मामांनी माझ्याकडे गुरुजींकडे बघावं तसं बघितलं. तिसऱ्या तासाला मशीन तापून गोठलं. मोठा पंखा लावला, प्रोसेसरवरचं उष्णता ओढणारं मलम बदललं, कार्यालयातला टेबलफॅन आणून समोर ठेवला. पाचव्या तासाला पुन्हा गोठलं. मार्च महिना होता.

“इंजिनियर,” मामा कपाळाला हात लावून म्हणाले, “आवं, बारा हजार पेट्या बेदाना गार करतोय मी. ह्यो एक डबा न्हाई व्हनार?”

दोन नंबरच्या खोलीत चार अंशांत, पेट्यांच्या मध्ये, फळीवर संगणक मांडला. तो चालला. सोमवारी वीज परत आल्यावर सुरू केला तो मंगळवार, बुधवार, गुरुवार चालतच राहिला. भर उन्हात मी जायचो, तेव्हा मामा आत माकडटोपी आणि दोन स्वेटर घालून स्टुलावर बसलेले असायचे, समोर कुणीतरी खेळी करतंय अशा बेताने गप्प. पडद्यावर एक आकडा बदलत असे. “अदिक म्हंजी मी, उणं म्हंजी गुरुजी,” त्यांनी मला शिकवलं. “शून्य म्हंजी बरूबरी.”

शनिवारी बँकेचे पाहुणे संगणकीकरण बघायला आले. चेअरमनना कार्यालयात संगणक हवा होता.

“साहेब, उद्याच्या सांजपतोर ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले.

“मामा, पाहुण्यांना उद्यापर्यंत बेदाण्यात ठेवू का?”

“मग न्या. पर चार तास चालू करू नगा. गारठ्यातनं भाईर आलं की त्येला घाम फुटतोय. आत पानी धरतंय.”

चेअरमननी बटण स्वतः दाबलं. बारीक चट असा आवाज आला आणि थोडा वास. पाहुण्यांनी बंद संगणकाकडे आदराने पाहिलं, चहा घेतला आणि प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केलं.

मी उघडून बघितलं. बोर्डावर दव होतं. मामांना म्हणालो, “माझं मशीन आणतो. पुन्हा पहिल्यापासून लावू.”

“नगं.” त्यांनी माकडटोपी काढून तिची घडी घातली. मग म्हणाले, “सकाळी आकडा फिरला व्हता, इंजिनियर. पाच दिस माज्याकडं, आनि आज गुरुजींकडं.” आणि हसले. “गेलं तरी म्हातारं हरंना. लय ब्येस वाटलं बगा. पर आता परत नगं.”

त्याच वर्षी ते निवृत्त होऊन म्हसवडला गेले. दुसरा ऑपरेटर आला. तो दोन नंबरच्या खोलीत कामापुरताच जायचा.

काही वर्षांनी नवीन मशीन आलं, तेव्हा मी कागदाची माझ्याकडची नक्कल काढून मोहरे तसेच मांडले. सात सेकंदांत उत्तर आलं. शून्य. मी म्हसवडला पत्र टाकलं.

उत्तर मामांच्या भाच्याने लिहिलं. मामा मागच्या हिवाळ्यात गेले. दारात पट मांडून बसायचे, पण समोर कुणी नसायचं. पट आणि मोहरे जपून ठेवले आहेत. इथे कुणालाच खेळता येत नाही, तेव्हा तुम्ही घेऊन जावेत.

मी जाऊन घेऊन आलो. मलाही खेळता येत नाही.