मालेगावचं घर

भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. धुळ्यात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते मी, माझा कशावर विश्वास बसणार? त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मीही हसले असते.

आम्ही देवपूरला राहतो. मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. गेल्या वर्षी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दिवसभर अहिराणीत तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आणि आता नुसतं "अं... अं..." त्यावरून पाणी हवंय की कूस बदलायचीय, एवढंच आम्ही ओळखायला शिकलो होतो.

एका शनिवारी कॉम्प्युटर फार स्लो चालतोय म्हणून साफसफाईला बसले. हिडन फाइल्स दिसतील असं सेटिंग केलं, तर ब्राउझरच्या फोल्डरमध्ये आणखी एक प्रोफाइल निघालं. ब्राउझर उघडला की ते कुठेच दिसत नाही, पण त्याची हिस्टरीची फाइल मात्र भरलेली! उघडली. जवळजवळ वीस दिवस, रोज दुपारी एक ते अडीचच्या मधे, एकच सर्च —

"मालेगाव घर जाने शेअर."

मिस्टर पाण्याच्या पंपांचे सेल्समन, दर मंगळवारी मालेगावला जातात. मालेगावला घर? आणि ते शेअर कोणाबरोबर? खोटं कशाला बोलू, संशय यायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती बाई कशी दिसत असेल, कोणत्या रंगाची साडी नेसत असेल, सगळं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी ते बूट काढत होते तेव्हाच विचारलं, "मालेगावला कोणाचं घर आहे?"

"डीलरचं. का?"

मी स्क्रीन दाखवला. आधी ते हसले. "वेडी आहेस का तू?" मग मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं... आणि खुर्चीत बसले.

"मालेगाव नाही गं. माले. माले घर जानं शे."

"म्हणजे?"

"मला घरी जायचंय." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "हाई अक्का बोली राहिनी. अक्का बोलतेय ही."

माझं माहेर जळगाव शहरातलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, अहिराणी कानाला कळते, पण लिहिलेली समोर आली तर ओळखू येत नाही. त्यातून ही मशीनने लिहिलेली. सर्चच्या लांबलचक पत्त्यात एक खूण असते, ती मी नंतर पाहिली — हे टाइप केलेलं नव्हतं, माइकवर बोललेलं होतं. 'माले'चं मशीनने मालेगाव केलं आणि 'शे'चं शेअर.

पण बोललं कोण? अक्कांना सांभाळणाऱ्या मावशी एकला जातात, मी अडीचला येते. मधला दीड तास अक्का एकट्या, झोपलेल्या. त्यांना आपण होऊन कुशीवरही वळता येत नव्हतं. कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत, आणि शाळेत जाताना त्याचं भिंतीवरचं बटण मी स्वतः बंद करते. माइकवाला हेडफोन तर मुलगी कधीच पुण्याला घेऊन गेली होती. घरात दुसरा माइकच नव्हता.

मिस्टर उठून आईजवळ गेले. "अक्का, तुले घर जानं शे का?"

अक्कांनी डाव्या हाताने त्यांचा शर्ट धरला. सोडेचनात. मी दारात उभी राहून रडले, आणि मालेगावच्या त्या बाईची मला फार लाज वाटली.

प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणत होते. तरी दुसऱ्याच दिवशी गाडी करून त्यांना दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी नेलं. त्याच घरात त्या पन्नास वर्षं नांदल्या. ओट्यावर खाट टाकली, जावा भेटायला आल्या. अक्का कोणाकडे बघेनात. मान सारखी रस्त्याकडे, डावा हात हवेत... "अं... अं..." आम्हाला वाटलं, गाव बघून भरून आलंय. चार दिवसांनी परत आणलं. "चला, तिचं समाधान झालं," मिस्टर म्हणाले, आणि मीही हो म्हटलं.

अक्का मात्र जेवेनाशा झाल्या. मी ती फाइल पुन्हा उघडली नाही. एक तर भीती वाटायची, आणि दुसरं म्हणजे, त्यांना हवं होतं ते झालंय असं मी धरून चालले होते. नवव्या दिवशी त्या गेल्या.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, मग धीर करून फाइल उघडली. गावाहून परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढचे आठ दिवस, त्याच वेळेला, नवीन ओळ होती.

"हाय मन घर नाही मायना घर."

या वेळी मिस्टरांना विचारावं लागलं नाही. डोळे मिटून मी ती स्वतःच मोठ्याने म्हटली. हाई मन्हं घर नही. मायनं घर.

हे माझं घर नाही. आईचं घर.

अक्कांचं माहेर नरडाण्याजवळ. घर आहे, भाचे आहेत. दोंडाईच्याला जाताना जरा वळसा घेतला असता तर अर्ध्या तासाचा प्रश्न होता. त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं नाही, ते एक वेळ समजू शकते. पण मी? जळगावला निघाले की मी आजही "घरी जाऊन येते" असंच म्हणते.

तो आवाज कसा पोचला, कोणत्या माइकने ऐकला, ते प्रोफाइल कोणी तयार केलं — मला काही सांगता येत नाही. शाळेतल्या दोघा सरांना फाइल दाखवली, त्यांनाही उलगडलं नाही. मी तो नाद सोडलाय. पण दुपारचा एक वाजला की वर्गात माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. आठ दिवस त्या रोज सांगत होत्या, आणि मी रोज अडीचला घरी येऊन, ती फाइल न उघडता, त्याच कॉम्प्युटरशेजारी बसून मुलांचे पेपर तपासत होते.