हवेला वाट देणारे चाचा

पेटलेली उदबत्ती हातात धरून कोणी तुमच्या दारात उभं राहिलं, तर तुम्ही काय समजाल? आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, की चाचा कूलर तपासायला आलेत. खोलीत शिरले की आधी उदबत्तीचा धूर कुठं वळतो ते बघायचे, मग बंद खिडकीकडे बोट दाखवायचे. "हवा येते कुठून ते सोडा भाऊ, जाते कुठी ते सांगा." कूलर बनवणारा हा माणूस निम्म्या गिऱ्हाइकांना नुसती खिडकी उघडायला लावून परत यायचा, आणि मग धंदा होत नाही म्हणून दिवसभर कुरकुरायचा.

अमरावतीत त्यांचं पत्र्याचं दुकान आणि लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करायची माझी खोली यांच्यात एकच भिंत होती. पलीकडे त्यांचा हातोडा वाजायचा आणि इकडे माझ्या पडद्यावरच्या नवऱ्या मुली त्या ठोक्यांवर मंगलाष्टकं ऐकत उभ्या असायच्या.

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, त्यामुळे बाजारच बसलेला. लोक नवा कूलर घेण्याऐवजी जुन्याला रंग मारून न्यायचे, आणि लग्नात पहिली कात्री व्हिडिओला लागायची. त्यात लोडशेडिंग. एका लग्नाची फिल्म तयार करायला कॉम्प्युटरला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ सलग लाइटच नसायची. मध्येच गेली की सगळं पहिल्यापासून. नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मी एका मासिकात वाचून प्रोसेसरचा वेग कंपनीनं ठरवून दिला होता त्यापेक्षा वाढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हिवाळ्यात ते झकास चाललं. मे महिन्यात मात्र मशीन असं तापायचं, की लाइट जायच्या आधी तेच मान टाकायचं.

"काहून पयवता त्याले येवढं?" चाचांनी विचारलं होतं.

"लाइट जायच्या आत पोचायचं असतं, चाचा."

ते हसले होते. पण लवकरच ती घाई त्यांच्याच घरावर आली.

त्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचा निकाह झाला. शूटिंग अर्थातच आमच्याकडे. बायकांकडचं माझ्या बायकोनं केलं. चाचांची आई अकोल्याला धाकट्या मुलाकडे राहायची. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे लग्नाला येता आलं नाही. ही नात तिच्याच हाताखाली वाढलेली. निकाहानंतर म्हातारीची तब्येत झपाट्यानं उतरू लागली आणि रोज फोनवर एकच विचारणं सुरू झालं, पोरीचं लग्न कधी दाखवतोस? नुसत्या टेप न्याव्यात तर त्या कॅमेऱ्याशिवाय दिसत नाहीत, आणि सीझनमध्ये कॅमेरा रोज कुणाच्या तरी मांडवात. सीडी बनवणं एवढाच मार्ग होता. आणि माझं मशीन दर वेळी मुलीची पाठवणी व्हायच्या आधीच बंद पडत होतं.

चाचांना राहवेना. एका दुपारी त्यांनी दुकानातला नवाकोरा कूलर उचलून आणला, वाळ्याच्या ताट्या ओल्याचिंब केल्या आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढून कूलर थेट त्याच्या तोंडाशी लावला. पुण्याच्या माणसाला हे सुचलं नसतं. वऱ्हाडात मात्र तापलेल्या प्रत्येक गोष्टीवर हाच इलाज. मीही आनंदानं मान डोलावली. खोलीभर वाळ्याचा काय सुगंध सुटला! मशीन थंड झालं, आणि कायमचंच झालं. आत बारीक तुषार उडून बोर्ड जळला होता.

चाचा त्या बोर्डाकडे बघत बसले. "मानसासारखंच समजलो मी त्याले," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तोच कूलर एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेला आणि बदल्यात तसलाच जुना बोर्ड आला. मला विचारलंसुद्धा नाही.

मग त्यांनी आपली नेहमीची उदबत्ती पेटवून कॅबिनेटमध्ये धरली. धूर बाहेर जाईचना. गरम हवा आतच गिरक्या घेत होती आणि प्रोसेसरचा पंखा तीच पुन्हा ओढत होता. आम्ही बोर्ड बाहेर काढला. चाचांनी मागचा पत्रा कापून गरम हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवला, आणि बाहेरची हवा सरळ प्रोसेसरवर यावी म्हणून पत्र्याचं नरसाळं केलं. मी प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पण आता सुकलेली पेस्ट खरवडून नवी पातळ लावली आणि वेग थोडासा उतरवला. माझा एकुलता एक टेबलफॅन नरसाळ्याच्या तोंडाशी ठेवला आणि आम्ही दोघं घामानं निथळत पडद्याकडे बघत बसलो. भिंतीपलीकडे कूलरचं दुकान, आणि आमच्या वाट्याला झुळूक नाही. पण पोरगी सासरच्या गाडीत बसली, फिल्म संपली, तरी लाइट होती. चाचा सीडी सदऱ्याच्या आत घालून एसटी स्टँडकडे अक्षरशः पळाले.

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि लोक प्लॅस्टिकचे कूलर लावून खिडक्या बंद करून बसतात. मला त्यांची फार आठवण येते. सगळ्यात जास्त आठवतात ते त्या खेपेला अकोल्याहून परत आलेले. अम्मीला दफन करून आले होते, आणि घरी न जाता आधी माझ्या दारात उभे राहिले.

"पाहिलं का अम्मीनं?" मी भीत भीत विचारलं.

"पुरं पाह्यलं. मंग विचारे, तू कुठी हायस रे याच्यात?"

मी मनातल्या मनात फिल्म फिरवून पाहिली. सबंध फिल्ममध्ये नवरीच्या बापाचा चेहरा कुठंच नव्हता. हा माणूस दिवसभर मांडवातल्या कूलरांमध्ये पाणी भरत होता. फक्त एका जागी, नवरीकडे कूलरचं तोंड वळवताना ते पाठमोरे दिसायचे, सदरा पाठीला चिकटलेला.

"तिथीच थांबवाले लावलं तिनं. लय वेळ पाह्यत राह्यली. मंग म्हने, 'अरे, कोई इसकी तरफ भी तो हवा करो.'"

मी उठून टेबलफॅन त्यांच्याकडे फिरवला.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले, आणि पंखा पुन्हा कॅबिनेटकडे वळवला. "मशीन चालू हाय."