काटा तीनदा शून्यावर गेला

भूतखेत, अंगात येणं असल्या गोष्टींची मी जन्मभर टिंगल केली. फौजेत सिग्नलला होतो... मीटर दाखवेल तेच खरं, असली सवय. आणि मला घाबरवलं ते त्या मीटरनंच!

शहात्तर साल असेल. कडेगावजवळच्या माळावर पुराची खबर देणारं वायरलेस केंद्र होतं, मी तिथं मेकॅनिक. सेट बोलेना, म्हणून अँटेनाची केबल तपासायला घेतली. मदतीला माझे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे, सुमीचे मालक. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनीच साठ फुटी खांबावर चढून केबल अँटेनापासून सोडवली होती. आतली तार आणि भोवतीची जाळी वेगवेगळी करून त्यांवर टेप गुंडाळला होता. म्हणजे खाली मीटर लावला तर काटा हलायलाच नको. वर कुणी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, तरच तो पार दुसऱ्या टोकाच्या शून्यावर येणार. आज दाजी चढून ती टेकवणार आणि मी खाली काटा बघणार, असं ठरलेलं.

माळावर वारा लय; हाक पोचत नाही. म्हणून फौजेत मला काम शिकवणाऱ्या उस्तादांची खूण ठरवलेली... टोकं एकदा टेकवली तर ‘ठीक’, तीनदा म्हणजे ‘धोका, कुणी वर येऊ नका’. उस्ताद पुढं असल्याच एका खांबावरून पडून वारले.

भर दुपारचे बारा. मी खोलीत मीटरसमोर. काटा शून्यावर आला... सुटला. पुन्हा. पुन्हा. तीनदा!

“दाजी! काय झालं वर?” मी बोंबलतच बाहेर आलो. दाजी खांबाच्या बुडाशी पट्टा आवळत उभे.

“आवं पावणं, मी अजून चढलोच न्हाई!”

काटा तीनदा हलल्याचं मी सांगितलं. ते मात्र हसले — “काटा आडकला आसंल. न्हाईतर भाकरी कमी पडली तुमास्नी!” आणि पाय पहिल्या पायरीवर टाकला. खिडकीतून मला मीटर दिसत होता. काटा परत... एक, दोन, तीन. मी धावत जाऊन त्यांचा पट्टाच धरला.

“सुमीची शप्पथ हाय, उतरा खाली!”

मग खांबाला ताणून धरणाऱ्या तारा बघितल्या. पश्चिमेकडची तार गवतात गंजून एका धाग्यावर आलेली. मी नुसता हिसका दिला, तर तुटून हातात आली. खांब करकरला. दाजींनी कमरेचा पट्टा सोडून बाजूला टाकला.

नवी तार लावून संध्याकाळी ते चढले. टेप जसाच्या तसा होता. तो सोडून त्यांनी टोकं एकदा टेकवली, काटा एकदा हलला. केबल धडधाकट होती, बिघाड अँटेनात निघाला. टोकं परत वेगळी बांधून दाजी खाली आले, माझ्या शेजारी उभे राहिले.

...आणि काटा एकदा शून्यावर जाऊन आला. एकदाच.

दाजींनी माझा दंड गच्च धरला. माझ्या तोंडून आपसूक निघालं — “ओके, उस्ताद.”

लोक म्हणतात, केबलमध्ये पाणी गेलं असेल. पाणी काटा हलवतं, मान्य. पण मोजून हलवतं का हो? सुमीला आम्ही दोघांनी कधी सांगितलं नाही.