पाण्याच्या बाटलीतलं कॉस्टिक

धाडजवळच्या दूध शीतकरण केंद्रात मी प्रयोगशाळेत लागले, तेव्हा तिथं एकाही बाटलीवर नाव नव्हतं. पाइप धुवायचं कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी, तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरलेलं असायचं. भिंतीवर रसायनांची माहितीपत्रकं होती, पण सगळी इंग्रजीत. "आमाले समजते नं कोनतं काय हाय ते," सफाईचे काका म्हणायचे.

एका दुपारी टँकरचा ड्रायव्हर घामानं निथळत आत आला. त्यानं मोरीजवळची बाटली उचलली आणि झाकण फिरवलं.

"ड्रायव्हरकाका, पिऊ नका!" मी एवढ्या जोरात किंचाळले, की हातातला दुधाचा नमुना माझ्याच अंगावर सांडला.

"काऊन वरडून राह्यली पोरी? पानीच तं हाय."

मी बाटली काढून घेतली आणि माझ्या डब्यातल्या ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदाच्या तुकड्यावर त्यातले थोडे थेंब टाकले. कागद फसफसला, मग त्याला भोकं पडली. ड्रायव्हर दोन पावलं मागं सरला. ती बाटली सफाईच्या काकांनीच भरली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच मार्कर घेऊन माझ्यापुढं उभे. "म्याडम, सांगा, काय लिहू?"

मी सगळ्यांना बसवलं आणि माहितीपत्रक मराठीत करून वाचायला लागले. "संक्षारक द्रव..."

"हा कोन्या गावचा?" कॅन धुणाऱ्या ताईंनी विचारलं.

हशा पिकला. मी कागद बाजूला ठेवला. मग लेबलावर काय लिहायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं: 'कॉस्टिक. कातडी जाळते. डोळे जातात. हातमोजे, चष्मा घाला.' शेजारी हाताचं चित्र. आणि पाण्याच्या बाटलीत रसायन भरायचं नाही, म्हणजे नाही.

काकांना मात्र लिहायचा नादच लागला. चहाच्या थर्मासवर 'चहा. पोळते.' स्टुलावर 'बसा, पन एक पाय हालते.' शेवटी मॅनेजरसाहेबांच्या दारावर चिठ्ठी दिसली: 'साहेब. जेवनाच्या आधी जपून.' साहेब आले, वाचलं. साहेब खो खो हसले आणि चिठ्ठी तशीच ठेवून आत गेले.

पुढं तपासणीला अधिकारी आले. लेबलं पाहून झाल्यावर त्यांनी ताईंना विचारलं, "हे अंगावर उडालं तर काय कराल?"

"पैले पानी. लय वेळ पानी. मंग बोंबलाचं."

अधिकारी हसले. "बरोबर आहे. पण डोळे धुवायचा नळ कुठंय?"

तो नव्हता. साहेबांनी पुढच्याच आठवड्यात बसवून घेतला, आणि ड्रायव्हरनंच त्याला पहिला नारळ फोडला.

ताईंनी हे सगळं घरीही नेलं. घरात फिनेल सरबताच्या बाटलीत होतं. त्यांनी ते फिनेलच्याच डब्यात परत ओतलं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून डब्यावर मोठी कवटी काढली. म्हातारीनं चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"हा कोन वं? तुहा भाऊ का?"

हे सांगताना ताईंना एवढं हसू येत होतं, की हातातला कॅन खाली ठेवावा लागला.