न चमकलेला गूळ

कमलताई आमच्या घरचा चहासुद्धा आधी अंधारात नेऊन पाहे. दार लावे, खिडकीवर घोंगडी टांगे अन् कॉलेजातून आणलेला जांभळा दिवा कपावर धरे. माही सासू म्हणे, "अवं, विष नाई टाकलं त्यात!" ताई हासे, "तुमच्यावर भरोसा आहे मावशी, पण डोळ्यानं पाह्यलेलं बरं."

ताई दर्यापूरकडची. अमरावतीत रसायन शिकवे, आमच्या बाजूच्या खोलीत भाड्यानं राहे. आमच्या बौद्ध वस्तीत इतली शिकलेली बाई दुसरी नोती. मी चौथीतून शाळा सोडलेली, मले तिचा भेवच वाटे, पण माह्या पोट्टीले दम लागला का मी तिच्याचकडे धावो.

गूळ खाल्ला का पोट्टीचा दम वाढे, असं मले वाटे. अन् भरवो तं मीच न, तेच मनाले खाये. गूळ सासूच्या भावाच्या गुऱ्हाळातला, पिवळाजर्द. ताई म्हणाली, "रंग उजळावा म्हणून कढईत पावडर टाकतात. तिच्यातला सल्फाइट गुळात राहते. दम त्यानंच लागते का, ते मले माहीत नाई." ती एक रंग बनवून राहिली होती. सल्फाइट भेटला का रंग दिव्याखाली हिरवा चमकला पाहिजे, नाई तं काळाच राहिला पाहिजे. तो काळाच राहे. "मुकाच आहे बाप्पा हा," म्हणे अन् पुन्हा सुरू.

सासू आयकेना. "माह्या भावाच्या गुळाले नावं ठेवता? गुळाच्या पाण्यानंच ताकद येईन तिले."

एका दुपारी म्या घरचा गूळ कुटून शिशीत भरून ताईले देला. ताईनं रंग ओतला, दिवा धरला. हिरवंगार! तिनं खुशीत माह्ये दोन्ही हात धरले, अन् तिथंच तिचं हसू गेलं. दिव्याखाली माही नखंबी तशीच चमकून राहिली होती.

"आधी काय कुटलं होतं वं?"

"हळद, त्याच खलबत्त्यात."

तिनं आपल्या हातानं दुसरा खडा फोडून पाह्यला. काहीच नाई. "गेलं. चमकली ते हळद. गूळ चांगला आहे का माहा रंगच कच्चा आहे, हेबी सांगता येत नाई."

तितल्यात सासू दारात आली, कडेवर पोट्टी, तिची छाती भात्यावानी वरखाली. "काय निंगालं वं?"

म्या ताईकडे पाह्यलं. ताई पोट्टीकडे पाहत राहिली. मंग म्हणाली, "चमकलं मावशी. गूळ बंद करा."

"तू म्हणतं तं बंद," सासू म्हणाली. "आपली शिकलेली पोरगी खोटं बोलन काय?"

ताईनं मान खाली घातली.

गूळ बंद झाला, दमबी गेला. ताईनं मातर दिवा कॉलेजात वापस केला. काहून म्हणून इचारलं तं म्हणे, "आता काय पाहू त्यात?"

पुढं तिले अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली. मी पोट्टीले घेऊन एस.टी. स्टँडवर गेली. गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, "गुळानंच होतं का वं? का आपसूकच गेलं? मले आता कधीच समजणार नाई."

मले रडू आलं. मी बोलून गेली, "ताई, तुमच्यासाठी एक खडा देऊन पाहू काय हिले?"

"पागल झाली काय!" ती इतल्या जोरानं ओरडली का सारी गाडी पाहू लागली. मंग तिनं खिडकीतून हात काढून पोट्टीच्या छातीवर ठेवला. गाडी हालली तरी काढेना. मीच मांगं सरली.