चार मिनिटांचा धबधबा

बत्तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवून ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाले. आता बायकोला स्वतःच्या गाडीतून धबधबे आणि ज्वालामुखीचे काळे डोंगर दाखवायचं त्यांनी ठरवलं. पट्टीने रेघा मारून त्यांनी आठवड्याचं वेळापत्रक आखलं. "एक मिनिट इकडचं तिकडे होणार नाही," मिशीला पीळ देत ते म्हणाले.

बायकोने चष्मा लावला. "अहो, एवढ्या मोठ्या धबधब्याला चार मिनिटं?"

"प्रवाशांच्या चढउताराला पुरतात."

"आणि ज्वालामुखीला थांबायचंच नाही?"

"तो विनंती थांबा आहे. प्रवाशाने सांगितलं तरच गाडी थांबते."

बत्तीस वर्षं त्यांच्या ड्युटीच्या वेळा बघून ताट वाढणाऱ्या बायकोने पेन्सिल घेतली आणि ज्वालामुखीपुढे लिहिलं, 'दिवसभर.'

"सांगितलं," ती म्हणाली.