स्वतःचाच नकाशा मोडणारी नणंद

रत्नागिरी शहरात माझ्या नणंदेच्या हाती लागलेली एकही वस्तू आधी मोडण्याचा प्रयत्न झाल्याशिवाय वापरात आलेली नाही. नवी छत्री आणली की ती मांडवीच्या धक्क्यावर भर वाऱ्यात उलटी धरायची. कपाटाला कुलूप लावलं की केसातल्या पिनेने ते उघडतं का, हे बघण्यात तिचा रविवार जायचा, आणि उघडलंच तर घरातल्या सगळ्यांना बोलावून ती ते आनंदाने दाखवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातचं पहिलं घावनही तिने दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं होतं. तुटल्यावर म्हणाली, "कुठे तुटतं ते कळलं, वहिनी. आता खायला हरकत नाही."

ती कॉलेजात संगणक शिकवायची आणि घरी पीएचडीचं काम करायची. ते काम तिने मला भाजी निवडता निवडता समजावलं. कोण कोणाला ओळखतं एवढंच संगणकाला सांगायचं. त्यावरून तो प्रत्येक माणसाला नकाशावर जागा देतो, जवळची माणसं जवळ, लांबची लांब. कोणी मुद्दाम त्यात चार खोट्या ओळखी घुसवल्या किंवा खऱ्या पुसल्या, तर तो नकाशा किती बिघडतो, हे ती तपासायची. त्यासाठी मे महिन्यात, मुंबईकर गावी आलेले असताना, आमच्या मंडणगडजवळच्या गावात ती दारोदार फिरली. अडीनडीला कोणाला हाक मारता, एवढाच प्रश्न. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी म्हणाली, "काय गो बाय, रेशनचा लिवतेस का?" मग बराच विचार करून तिने दोनच नावं सांगितली.

तीन वर्षं खपून नणंदेने सहजी न बिघडणारा नकाशा करायची स्वतःची रीत शोधली. तिचा शोधनिबंध एका परिषदेत स्वीकारला गेला आणि सासूबाईंनी पेढे वाटले. परिषद आठवड्यावर आली असताना हिने पुन्हा तपासायला घेतलं. या वेळी खोट्या ओळखी कुठेही न टाकता तिने त्या फक्त कमी ओळखीच्या माणसांना चिकटवल्या. ती म्हातारी आपली दोन्ही ओळखीची माणसं सोडून नकाशावर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिच्यासारखे आणखीही बरेच जण हलले. मार्गदर्शक सर म्हणाले, हे कोणी विचारणार नाही, पुढच्या निबंधात बघू. मीही तेच म्हटलं; पेढे वाटून झाले होते ना. ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"वहिनी, ज्यांच्या ओळखी भरपूर, त्यांची जागा कशीही सापडते. जिला दोनच माणसं आहेत, तिथेच माझं चुकतंय."

तिने निबंध मागे घेतला. सासूबाई शेजारणींना टाळू लागल्या, सरही बरेच दिवस तिच्याशी तुटक बोलायचे. आणखी दोन वर्षांनी पदवी मिळाली. नवी रीत पहिलीपेक्षा संथ होती, पण कमी ओळखीच्या माणसांना बऱ्यापैकी जागेवर ठेवायची. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण ती रीत कुठे मोडते याबद्दलच होतं, आणि सरांनी नेमकं तेच वर्गात वाचून दाखवलं, असं तिने लाजत सांगितलं.

आता ती बंगळूरला असते. रविवारी फोन करते. मिळालेलं बक्षीस एका वाक्यात उरकते आणि झालेल्या चुकीबद्दल अर्धा तास बोलते. मला त्यातलं थोडंच समजतं. पण ऑफिसात ज्या चुका मी कोणाला कळू देत नाही, त्या तिच्याशी बोलताना सहज तोंडून निघून जातात.